सत्तावीस नंबरची गाडी

नेसिबेली आपाने सकाळपासून घड्याळाकडे इतक्यांदा पाहिलं होतं, की शेजारी बसलेला येर्केन शेवटी म्हणालाच, "आपा, मला दिसत नाही, पण तुमच्या मानेचं कुरकुरणं ऐकू येतं. जरा रस्त्याकडे बघा."

"तू तुझे ठिपके वाच," आपा म्हणाली.

येर्केन जन्मापासून आंधळा, मालिश करून पोट भरणारा तिशीतला गडी. अल्माटीच्या अंधशाळेच्या मदतीसाठी निघणाऱ्या या रॅलीत गाडी कुणीही आणावी, पण वाट सांगणारा अंधच हवा, असा नियम. वाट ब्रेलमध्ये लिहिलेली. ती त्याने बोटांनी वाचायची आणि चालवणाऱ्याने मुकाट ऐकायची. प्रत्येक चौकीवर ठरल्या वेळी शिक्का घ्यायचा. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झाला की बाद.

आणि बाद होणं आपाला परवडणारं नव्हतं. तीस वर्षं तिने याच शहरात ट्रॉलीबस चालवली. मार्चमध्ये एकदा, फक्त एकदा, घरची जुनी लाडा गाडी दिव्याच्या खांबाला घासली, तर मुलाने, अस्कातने, किल्लीच काढून घेतली. वर गिऱ्हाईकही शोधलं, ते सोमवारी यायचं होतं. भांडून भांडून पदरात एवढंच पडलं: रॅली धड पुरी केलीस तर गाडी तुझी, नाहीतर विकली म्हणून समज. साहेब स्वतः शेवटच्या कमानीपाशी स्वयंसेवकाचा पट्टा लावून उभे होते. आईवरचा भरवसा बघा!

चार शिक्के झाले. पाचव्याला सात मिनिटं उरली होती आणि पुढे गाड्या तुंबलेल्या.

"शाळेच्या मागे डावीकडे," येर्केनचं बोट कागदावर सरकलं. "इमारतींमधलं अंगण. पांढरा गोल तंबू."

"दिसला!" आपा ओरडली. पाच मजली इमारतींच्या मधोमध लोकरीच्या नमद्याचा पांढरा तंबू उभा होता. हॉर्न वाजवत, आरशाला बांधलेले फुगे फडफडवत तिने गाडी थेट तंबूच्या दारात नेली. "उतर, उतर! कार्ड घे!"

येर्केन काठी टेकत उतरला आणि हसत मोठ्यांदा म्हणाला, "कुठंय शिक्का? लवकर मारा, नाहीतर आमची आपा माझा जीव घेईल!"

कुणीच हसलं नाही. तेव्हा कुठे आपाने नीट पाहिलं. दाराशी पुरुष रांगेने उभे, कमरेला कापड बांधलेले, काठ्यांवर भार टाकलेले. आतून बायकांच्या रडण्याचा सूर येत होता. अरे देवा! या शहरात फ्लॅटमधलं माणूस गेलं तरी अंगणात तंबू उभारतात, हे तिला का माहीत नव्हतं? असल्या कितीतरी तंबूंत बसून ती रडली होती. पण आज डोक्यात शिक्का शिरला होता, दुसरं काही दिसेल तर शपथ.

"माफ करा, आम्ही चुकून..." ती बोलायला गेली, तोवर पांढरा रुमाल बांधलेली एक बाई येऊन तिच्या गळ्यात पडली. "आलात! बाबांसाठी आलात!" गेलेल्याची मुलगी होती, रायहान. आता गळ्यात पडून रडणाऱ्या बाईला काय सांगायचं, की मी शिक्क्यासाठी आलेय म्हणून? आपाने तिला घट्ट धरलं. धरल्या हातावर घड्याळ दिसतच होतं.

दोघांना आत बसवलं. चहा आला, कणकेचे तळलेले गोळे, बाउरसाक, आले. मयताच्या घरून घास तोंडात न घालता उठता येत नाही. आपाने एक घास तोंडात कोंबला. बसल्या जागी तिचे पाय चुळबुळत होते. येर्केन कानाशी लागला, "खरी चौकी पलीकडच्या अंगणात असणार. पाच मिनिटं उशीर झालाय, दहा अजून हातात आहेत."

आपाने मान हलवली आणि उठता उठता, विचारायचं म्हणून रायहानला विचारलं, "माती केव्हा द्यायची?"

"दुपारच्या नमाजाला मशिदीत पोचायला हवं. बस केव्हाची तयार आहे, पण खालचा रस्ता बंद! पोलिसांनी दोनदा परत पाठवलं. कसलीशी पुण्यकर्माची रॅली आहे म्हणे, नंबर लावलेल्या गाड्याच सोडतात. पुण्य करणाऱ्यांना मयत दिसत नाही का हो?"

रडून सुजलेल्या तिच्या डोळ्यांना दारातली गाडी दिसलीच नव्हती. गाडीच्या दारावर हातभर मोठा सत्तावीस, आणि वर ते मेले फुगे. आपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर येऊन तिने फुग्यांच्या दोऱ्या दातांनी तोडल्या.

"आपा, आठ मिनिटं उरली," येर्केन हळूच म्हणाला.

"मोजता येतं मला!" ती खेकसली. मग बसच्या चालकाकडे गेली. "जनाजा आत घे आणि माझ्या मागून ये. कुणी अडवलं तर मी बोलते."

खालच्या नाक्यावर पोलिसाने सत्तावीस नंबर पाहून हात केला, आणि मागची बस पाहून तोच हात आडवा धरला. "रॅलीत बस नाही, आजी."

"आत मयत आहे, पोरा. अडव बघू."

त्याने अडवलं नाही. रिकाम्या रस्त्यावरून आपाने गाडी अगदी हळू घेतली. येर्केनने ब्रेलचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

मशिदीची वाट शेवटच्या कमानीखालूनच जात होती. तिथे दोर बांधलेला, गर्दी, कर्ण्यावर गाणी. अस्कात लालबुंद होऊन धावत आला. "आई! पाचव्या चौकीवर नाहीस, सहाव्या चौकीवर नाहीस! आणि ही बस कुठून लावून घेतलीस मागे?"

"वीक सोमवारी गाडी," आपा म्हणाली. तिला रडू फुटलं आणि तिने ते आवरलंही नाही. "हरले मी. पण आत्ता तो दोर सोड. मागे मयत आहे."

अस्कातने बसकडे पाहिलं. मागे वळून हात वर केला, गाणी थांबली. गाठ सुटेना तेव्हा त्याने कुणाकडून तरी चाकू मागून घेतला आणि दोर कापला. मग तो चालकाच्या दाराशी आला. आता हा आपल्याला बाजूला सरकायला सांगणार, हे आपाने ओळखलं आणि सीटचा पट्टा सोडला.

अस्कात मागचं दार उघडून आत बसला. "अनोळखी माणूस असलं म्हणून काय झालं, मूठभर माती द्यायला हवी," तो म्हणाला.

"मग तूच चालव ना. किल्ली लावलेलीच आहे."

"ती बस तुझ्या मागून आलीय, आई. माझ्या नाही," अस्कात म्हणाला. "पट्टा लाव. गिऱ्हाईकाला मी फोन करतो."