छायाचा ओम, वय दीड वर्ष

लॉगबुक, पान अकरा. विद्यार्थिनीने स्वतः केलेली बाळंतपणे: किमान एक. पुढचा चौकोन कोरा.

पेठकडच्या डोंगरातल्या उपकेंद्रावर नर्सिंग शिकणाऱ्या छायाचं पोस्टिंग सहा आठवड्यांचं, सत्त्याण्णव सालातलं. त्यातले तीन आठवडे संपले होते. तेवढ्या काळात गावात तीन पोरं जन्मली आणि तिन्ही वेळा छाया दाराबाहेर उभी होती. चौकोन भरला नाही तर पोस्टिंग पुन्हा पहिल्यापासून. नाशिकला मैत्रिणी परीक्षा देणार आणि ही इथे पाणी उकळत बसणार.

अडवलं होतं भागीबाईने, गावच्या सुईणीने.

"लगीन झालंय का तुझं?"

"नाही."

"मंग भाईर. जिला पोर नाय तिनं बाळंतिणीला हात लावायचा नाय."

पान बारा. सामाजिक अडथळे व त्यांवर केलेले उपाय.

उपाय असा, की रविवारी घरी जाऊन आलेल्या छायाच्या गळ्यात सोमवारी पंचवटीतलं खोटं मंगळसूत्र होतं. लग्न झालंय, लाजून सांगितलं नव्हतं. मुलगाही आहे. ओम. दीड वर्षाचा. नाशिक रोडला सासूकडे असतो.

इथे थांबायला हवं होतं. ती थांबली नाही.

विहिरीवर बायका विचारायच्या आणि छाया सांगायची. मंगळवारी ओमला दाढा आल्या. गुरुवारी गोवर निघाला. पुढच्या बुधवारी तो उतरला आणि शुक्रवारी ओम ओट्यावरून पडला. भागीबाईचाही जीव त्या पोरात गुंतला. "सुलाच्या वक्ताला ये आत," ती म्हणाली.

पाचव्या आठवड्यात, सकाळी अकराला, सुलाबाईच्या तिसऱ्या खेपेच्या कळा सुरू झाल्या. छाया हात धुऊन आत गेली आणि दारात जीप थांबली. तपासणीला नाशिकहून ट्यूटर आल्या होत्या, संध्या मॅडम.

त्या उतरल्या तशी विहिरीवरच्या बायकांतली नवसाबाई पुढे झाली. "काय ओ बाई तुमची शाळा! अंगावरचं पोर सोडून आईला डोंगरात धाडता? गोवरात तरी सुट्टी द्यायची!"

"कोणाच्या पोराला गोवर?"

"छायाबाईच्या. ओमच्या."

नर्सिंगच्या शाळेचा नियम साधा होता: शिकत असताना लग्न केलं की नाव कमी. मॅडम उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. "छाया, काय ऐकतेय मी?"

हो म्हणावं तर शाळा गेली. नाही म्हणावं तर चौकोन गेला. छायाने मंगळसूत्र काढून एप्रनच्या खिशात कोंबलं.

"कोणी ओम नाही, मॅडम. लग्नही नाही."

नवसाबाईने कालच ओमसाठी कुंची शिवली होती. "मंग त्यो गोवर?" तिने बारीक आवाजात विचारलं.

"गोवरही नाही, मावशी."

"भाईर!" भागीबाई कडाडली.

छाया उठली, पण तिला जाता येईना. सुलाबाईने तिचं मनगट पकडलं होतं, आणि कळा देणाऱ्या बाईची पकड काय असते ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

"मी नाय सोडत! भागीमावशे, लगीन मागनं लाव तिचं, आधी ह्ये काढा!"

भागीबाईने बोटं सोडवून पाहिली. एक सुटलं की दुसरं घट्ट. मग तिने खाली पाहिलं. डोकं दिसायला लागलं होतं.

"सुले, सोड तिला, तिचे हात लागतील. पोरी, बस म्होरं. मी सांगीन तसं. आणि खोटं एक अक्षर बोलायचं नाय."

निरीक्षण करायला मॅडमनी चपला काढल्या. भागीबाईने त्यांना खालून वर न्याहाळलं.

"तुमचं लगीन?"

मॅडम अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. "नाही," त्या म्हणाल्या.

"मंग भाईर. येक कुवार बास झाली."

मॅडम अनवाणीच उन्हात उभ्या राहिल्या. काखेत छायाचं लॉगबुक, कान कुडाला. आतून छायाचा आवाज येत होता, आधी चिरका, मग चक्क हुकमी. "श्वास घ्या सुलाबाई! आता नाही, आता नाही... आता! धरलंय, भागीबाई, मी धरलंय!"

मग टाहो.

मॅडमनी पान अकरा उघडून पेनाचं टोपण काढलं. 'प्रत्यक्ष पाहिले' हे छापील शब्द खोडून वर 'प्रत्यक्ष ऐकले' असं लिहिलं आणि खाली सही केली.