देवमाशाची दुसरी बाजू

सव्वासातला तिने खोलीचे कुलूप काढले, खिडकीच्या काचेवर साचलेला खारा थर ओल्या फडक्याने पुसला आणि किटलीत तीन कप पाणी तापत ठेवले : एक तिचा, एक होडी चालवणाऱ्या तांडेलाचा, एक सरांचा. संगणक सुरू व्हायला चार मिनिटे लागत. तेवढ्यात तिने दोन पेन्सिलींना टोक केले आणि दाराशेजारच्या फळ्यावर नजर टाकली. तिथे खडूने लिहिले होते : ‘निळे देवमासे, आजवर ओळखलेले – १६३’.

बंदराच्या टोकावरच्या या खोलीत ती चोवीस वर्षे एकच काम करत होती. होडीवरून काढलेले फोटो घ्यायचे, देवमाशाच्या कुशीवरचे करडे-निळे ठिपके जुन्या फोटोंशी पडताळायचे आणि हा प्राणी ओळखीचा की नवा, ते ठरवायचे. दोन देवमाशांचे ठिपके सारखे नसतात. एकाच देवमाशाच्या दोन कुशींवरचेही सारखे नसतात. मुलगी लहान असताना शाळेत सांगे, “माझी आई माशांची हजेरी घेते.”

तांडेल आला तो कॅमेऱ्याचे कार्ड साबणाच्या डबीत घालून. पाण्यात डबी तरंगते, यावर त्याचा फार विश्वास होता.

“ताई, आज चहात साखर जास्त घाला. कालचे फोटो बघाल तर स्वतःहून घालाल.”

“बघते आधी.”

“इंजिन बंद करून गप्प बसलो होतो. ते धूड समोर वर आलं, डावी कूस दाखवली, आमच्या पुढ्यातच वळलं आणि उजवी दाखवून गेलं. मध्ये बुडी नाही, काही नाही. फोटो काढायला बोलावल्यासारखं!”

तो चहा पिऊन होडी धुवायला गेला. तिने फोटो उघडले. सलग तेवीस होते. शेवटच्या फोटोतली उजवी कूस तिने पाहिली आणि हसली. पाठीवरच्या पराच्या मागे तीन ठिपके एका ओळीत, खाली वाकडा पांढरा पट्टा. क्रमांक एकसष्ट. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने स्वतः शोधलेला पहिला देवमासा. त्याचा फोटो घरी जेवणाच्या टेबलावर टांगलेला होता. मुलगी त्याला मामा म्हणायची. नवरा अजूनही म्हणे, “मेहुण्याच्या नजरेसमोर दुसऱ्यांदा भाजी मागायची म्हणजे संकोच वाटतो.”

एकसष्टची डावी कूस आजवर कुणालाच मिळाली नव्हती. मागे जात ती पहिल्या फोटोवर, डाव्या कुशीवर आली आणि तिचा हात थांबला. मग ती उठली, लोखंडी कपाटाचा सर्वांत वरचा खण ओढला आणि तिथली जुनी फाइल टेबलावर आणली.

क्रमांक नऊ. मादी, पिल्लासह. फक्त डावी बाजू. खाली सरांच्या बारीक अक्षरात पेन्सिलने : ‘बहुधा मृत’.

सव्वीस वर्षांपूर्वी सरांनी नीट फोटो मिळावा म्हणून होडी थोडी अधिक जवळ नेली होती. नऊ बिचकून जहाजांच्या वाटेकडे वळली. त्यानंतर ती कधीच दिसली नाही. सरांनी बंदराच्या कचेरीला एकतीस पत्रे लिहिली. अखेर जहाजे त्या पट्ट्यात वेग कमी करू लागली. पण त्या दिवसाविषयी सर बोलत नसत. निवृत्तीनंतरही रोज सकाळी आठला येत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आणि पाण्याकडे पाहत चहा पीत.

आज ते आले तेव्हा तिने चहाच्या आधी एक फोटो पुढे ठेवला. सरांनी खिशातून भिंग काढले.

“ही तर नऊ,” ते म्हणाले. “जुनी फाइल कशाला उपसलीस?”

“फोटो जुना नाही, सर. कालचा आहे.”

सरांनी भिंग खाली ठेवले. पुन्हा उचलले. बराच वेळ ते ठिपके मोजत राहिले. मग चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला. चष्मा स्वच्छच होता.

“आणि ही तिची उजवी कूस,” तिने दुसरा फोटो सरकवला. “माझा एकसष्ट.”

“पण इतकी वर्षं...”

“तुम्ही सूर्य पाठीशी ठेवायला शिकवलंत. तुम्ही सकाळी जायचात. देवमासे दक्षिणेला निघालेले असायचे, तुम्हाला डावी बाजू मिळायची. माझी मुलगी तेव्हा तान्ही होती. सासूबाई दुपारी कामावरून आल्या की मी निघायचे. तोवर सूर्य पलीकडे गेलेला असायचा, मला उजवी बाजू मिळायची.”

सर आधी गालात आणि मग मोठ्याने हसले. “म्हणजे माझी ती एकतीस पत्रं एका जिवंत बाईसाठी होती म्हण की!”

“तिच्या उपयोगी पडली असतील, सर.”

चहा निवत होता, तिकडे त्यांचे लक्ष नव्हते. मग त्यांनी नऊची फाइल तिच्याकडे सरकवली.

“एकसष्टच ठेव. मी तर तिला मारून मोकळा झालो होतो. तुझा पहिला आहे तो. नियम मीच केलाय, मीच मोडायला सांगतोय.”

दोन क्रमांक एकाच प्राण्याचे निघाले, तर जुना राहतो आणि नवा खोडायचा, असा नियम होता. तिने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते सरांना कळले नाही. आज बऱ्याच दिवसांनी धक्क्यापर्यंत चालून यावे म्हणतो, असे सांगून त्यांनी काठी घेतली.

ते गेल्यावर तिने घरी फोन लावला.

“ऐक, तुझा मेहुणा बाई निघाला.”

“अरे देवा,” नवरा म्हणाला. “आता तर दुसऱ्यांदा मागताच येणार नाही.”

ती हसतच खुर्चीत बसली. एकसष्टचे पान काढले. वर डाव्या कोपऱ्यात तिचे चोवीस वर्षांपूर्वीचे अक्षर होते, जरा जास्तच सुबक. पट्टी ठेवून तिने क्रमांकावर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिले : ‘पाहा क्र. ९’. मग खोडरबर घेऊन नऊच्या पानावरचे ते दोन पेन्सिलीतले शब्द हलक्या हाताने पुसले. कागद जुना होता; फाटू नये म्हणून तिने वेळ लावला. दोन्ही फोटो पाठीला पाठ लावून एकाच पारदर्शक पाकिटात सरकवले.

शेवटी ती फळ्याशी गेली, १६३ मधला तीनचा आकडा बोटाने पुसला आणि तिथे दोन लिहिला.