पंख हलवले म्हणजे ऐकलं

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातला थोरला. बाप गेला, धावपट्टीलगतची शेड धाकट्याच्या वाट्याला आली, आणि तेव्हापासून चार वर्षं दोघा भावांत अबोला. थोरला पिकांवर औषध फवारायचं विमान उडवायचा, धाकटा नवशिक्यांना उडायला शिकवायचा. धावपट्टी मात्र एकच.

तिथे नियंत्रण मनोरा नव्हता. आपण कुठे आहोत ते ज्याने त्याने रेडिओवर सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. उत्तर देता आलं नाही तर पंख डावे-उजवे हलवायचे, म्हणजे ऐकलं. एवढ्यावर सगळ्यांचे जीव. आणि हा शहाणा थोरला, धाकट्याचा आवाज आला की बटण पिळून रेडिओ बंद करायचा. स्वतः उतरताना तोंड उघडायचा नाही, का तर धाकट्याला कशाला कळवायचं. म्हणायचा, "आभाळ काय त्याच्या बापाचं आहे?" बाप दोघांचा एकच होता, हे सांगायची कोणाची छाती नव्हती.

त्या सकाळी पंपवाला इंधन भरताना म्हणाला, "भाऊ, आज धाकट्या भाऊंच्या विमानात..."

"त्याचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही."

पंपवाल्याने टाकीचं झाकण लावलं. त्याला सांगायचं होतं, की आज तुमची पोरगी पहिल्यांदा एकटी उडणार आहे. उडायला शिकवाल का, असं तिने आधी बापालाच विचारलं होतं. तो म्हणाला होता, "तुझ्याच्याने होणार नाही." मग ती काकाकडे गेली, गुपचूप. एकटीने उतरून दाखवायचं आणि मग बापाला सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

फवारणी उरकून थोरला परतला तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. तो न बोलता सरळ धावपट्टीकडे उतरू लागला. त्याच्या विमानाचे पंख बसायच्या जागेच्या खाली, म्हणून खालचं दिसत नव्हतं. त्याच्या बरोबर खाली, जरा पुढे, पोरगीही उतरत होती. तिच्या विमानाचे पंख डोक्यावर, म्हणून तिला वरचं दिसत नव्हतं.

दिसत होतं ते फक्त धाकट्याला. तो गवतात उभा होता, हातात रेडिओ.

"दादा," रेडिओ बोलला.

चार वर्षांनी दादा. थोरल्याला इतकं गार वाटलं म्हणून सांगू. आला ना नाक घासत, तो मनात म्हणाला, आणि पुढचं न ऐकता त्याने बटण पिळलं. मग चिडवायला म्हणून पंख हलवले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ऐकलं, पण तुला विचारतो कोण.

धावपट्टी पन्नास हातांवर आली असताना त्याची चाकं कशात तरी रुतली.

शुद्धीवर आला तेव्हा तो गवतात पडला होता. पाय मोडला होता, बाकी धडधाकट. पलीकडे दुसरं विमान जळत होतं. जवळ धाकटा बसला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले.

"कोण होतं त्यात?" थोरल्याने विचारलं.

धाकट्याने सांगितलं.

थोरल्याने जळत्या विमानाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तिला बाजूला का नाही वळवलंस? तुझ्याकडे रेडिओ होता ना?"

"वळवणारच होतो," धाकटा म्हणाला. "तेवढ्यात तू पंख हलवलेस. मग मी तिला म्हटलं, घाबरू नकोस, ये सरळ. बाबांनी पाहिलंय तुला."