घरचा म्हणेल त्याला वाट

मी एक पहारेकरी बोलतोय. हातात काठी नाही, अंगावर खाकी नाही. कम्प्युटरला व्हायरस लागू नये म्हणून जो प्रोग्रॅम असतो ना, त्याचा मी ड्रायव्हर. नावावर जाऊ नका, गाडीबिडी मला चालवता येत नाही. मशीन सुरू झाली की मी आधी उठतो आणि डिस्कच्या दारात बसतो. आत कोण शिरतंय त्यावर नजर ठेवायची, एवढंच काम. आणि तेवढंही माझ्याच्यानं नीट झालं नाही.

माझा जन्म भिलाईच्या सेक्टर सहामधला, पोलाद कारखान्याच्या एका क्वार्टरच्या मागच्या खोलीतला. देवीदास मला लिहीत बसायचा आणि त्याची आई रुक्माबाई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, भाकर थंडी होऊन राहिली ना बाप्पा! काय पाहून राहिला त्या डब्ब्यात?"

त्या घराची एक रीत होती. बाहेर जाताना चावी शेजारच्या कलावतीकाकूंकडे ठेवायची. कोणी येऊन "घरचाच आहे" म्हटलं की काकू मान वर न करता चावी काढून द्यायच्या. क्वार्टरांची अख्खी लाइन तशीच राहायची आणि कोणाचं कधी काही गेलं नाही. देवीदासनं तीच रीत माझ्यात घातली. त्याच्या तपासणीच्या प्रोग्रॅमला कधी डिस्कवर थेट लिहायचं असलं की तो मला एक ठरलेली खूण सांगे, आणि मी दारातून बाजूला सरके. खूण कोण सांगतंय हे पाहायला त्यानं मला शिकवलंच नाही. त्याला वाटलं, घरच्याशिवाय कोण येणार!

सत्त्याण्णव साली त्यानं मला भिलाईतल्याच रुआबांध्याला, वसुंधराताईंच्या कम्प्युटर क्लासात बसवलं. तिथे ताराताई टायपिंग शिकवायच्या. नवरा गेल्यापासून घर त्यांच्यावरच होतं. शिकवणी संपली की वस्तीतल्या जयंतीच्या स्मरणिकेसाठी त्या तिथल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी टाइप करत. कोण विदर्भातून टिनाची पेटी घेऊन कारखान्यात कामाला आला, कोणी पहिल्या पगारात रेडिओ घेतला आणि घरी शिव्या खाल्ल्या. टाइप करता करता ताराताई एकट्याच हसायच्या, "काय बाई एकेक माणसं!" मलाही त्या आठवणींचा लळा लागला होता.

एक दिवस स्मरणिका छापणाऱ्या प्रेसवाल्यानं त्यांना फ्लॉपी दिली. तिच्यात नव्या अक्षरांचा प्रोग्रॅम होता. क्लासचा नियमच होता, बाहेरची फ्लॉपी आधी तपासायची. ताराताईंनी तपासली. "काही आढळलं नाही" अशी ओळ स्क्रीनवर आली. व्हायरस नवा होता, तपासणीच्या ओळखीतला नव्हता. तरी बिघडलं नसतं, डिस्कला हात लावताना मी त्याला धरलंच असतं. पण देवीदासच्या फ्लॉप्या गावभर वाटल्या होत्या. मला कोणीतरी उघडून पाहिलं होतं आणि ती खूण आपल्या व्हायरसला शिकवली होती. त्या मेल्या व्हायरसनं नेमकी तीच सांगितली. आणि मी सरकलो.

सगळं पुसलं गेलं. सगळ्या आठवणी.

"तपासली होती का, तारा?" वसुंधराताईंनी विचारलं.

"हो ना ताई. काही नाही म्हणे."

देवीदासला बोलावलं. तो मशीनकडे नीट न पाहताच म्हणाला, "असं होऊच शकत नाही. माझा प्रोग्रॅम सोडत नाही कोणाले. विसरल्या असाल तुम्ही, ताराताई."

"मी कावून खोटं बोलू रे?"

कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून येऊ नको, असं त्यांना सांगितलं गेलं. कोणाचा गुन्हा, कोणाला शिक्षा! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

ती फ्लॉपी देवीदासनं घरी नेली, आपल्या मशीनवर लावली, आणि बाजूला सरकताना मी त्याला रंगेहाथ सापडलो. मग त्यानं मला दुरुस्त केलं. आता खूण सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठला तू, कोणी पाठवलं, आणि खातरी पटेपर्यंत जागचा हलत नाही. मला नेऊन क्लासात बसवताना मात्र तो एवढंच म्हणाला, "नवीन व्हर्जन आहे, ताई. पहिल्यापेक्षा चांगलं." जुन्यात काय खोट होती, ते त्यानं गिळून टाकलं. कळलं तर आपला प्रोग्रॅम कोण घेईल, ही भीती. मी बरा झालो आणि ताराताई घरी बसून राहिल्या. अशी लाज कोणाच्या वाट्याला न येवो.

मग एकदा जेवताना रुक्माबाई म्हणाल्या, "तारा दिसली बजारात. मले पाहून रस्ता बदलला तिनं. काय केलं रे आपण तिले?"

देवीदासचा घास हातातच राहिला. ताटावरून उठून तो वसुंधराताईंकडे गेला. "चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती, ताई. ताराताईंनी तपासली होती. मले माहीत होतं, अन् मी सांगितलं नाही." मग दोघं मिळून सेक्टर दहाला ताराताईंच्या घरी गेले.

त्या परत आल्या. घरोघरी जाऊन आठवणी पुन्हा लिहून आणल्या. त्या म्हाताऱ्यांतल्या लहानूबाबांची तेवढी राहिली. ते मधल्या काळात वारले.

आता माझ्याकडून कोणी सुटत नाही. परवा देवीदासलाच अडवलं, तर हसला. पण तुम्हाला हात जोडून एक सांगतो. "मी तपासलं होतं" असं कोणी म्हणालं, तर त्या माणसाला खोटं ठरवण्याआधी आम्हा प्रोग्रॅमांना उघडून बघा.

ताराताई अजून माझ्यासमोर बसतात. पण फ्लॉपी हातात घेतली की आधी वसुंधराताईंना हाक मारतात, "ताई, लावू का?" तपासून झालं की पुन्हा, "या ना, तुम्ही एकदा पाहून घ्या."

विचारायला शिकायचं होतं मी. शिकल्या त्या.