अर्धा केलेला आकडा

कारखान्याच्या फाटकावर हजेरीचा कॉम्प्युटर बसवला होता, आणि धाकटा त्याचा एकटा धनी. हजेरीचा प्रोग्राम त्याचा, जेवणाच्या सुटीत खेळायचा चेंडूचा खेळही त्यानेच लिहिलेला. चेंडू अडखळत पळे, म्हणून पठ्ठ्याने थेट टायमर चिपला हात घातला. चिपचं काम साधं: दिलेल्या आकड्यापासून उलटं मोजायचं, शून्यावर एक ठोका द्यायचा, की पुन्हा पहिल्यापासून. मूळ आकड्यावर सेकंदाला अठराएक ठोके. याने आकडा अर्धा केला, ठोके दुप्पट झाले आणि चेंडू कसा झरझर पळू लागला! खेळ संपला की आकडा पूर्ववत. आपल्या हुशारीवर स्वारी खूश होती.

त्याला ही नोकरी थोरल्या भावाने मिळवून दिलेली. दादाची पाळी दुपारी दोनची. बाकीचे पंधरा-वीस मिनिटं आधी येऊन चकाट्या पिटत. दादा मात्र अंथरुणाला खिळलेल्या आईला जेवू घालून दोनच्या ठोक्याला हजर.

आणि गेले सहा दिवस पडद्यावर दादाची वेळ दोन वाजून बारा. साहेबांनी त्याला चारचौघांत झापलं. मुकादमाची ठरलेली जागाही हातची जाणार, हे उघड होतं. दादाने हुज्जत घातली नाही.

"मशीन कशाला खोटं बोलेल? आमच्या धाकट्यानं बसवलंय ते," म्हणाला, आणि माफीनामा लिहून मोकळा झाला.

सातव्या दिवशी खेळ आटोपून धाकट्याने सहज मनगटाकडे पाहिलं. एक बारा. पडद्यावर एक चोवीस. कॉम्प्युटरचं घड्याळही त्याच ठोक्यांवर चालतं, हे त्याला तोंडपाठ होतं. बारा मिनिटं खेळलं की घड्याळ चोवीस मिनिटं चालायचं. आकडा त्याने रोज परत ठेवला, जास्तीची मिनिटं कुठे परत ठेवली? सकाळी मशीन सुरू करताना वेळ नव्याने घातली जाई, म्हणून चोरी पकडली गेली नाही.

घड्याळ गुपचूप मागे करावं आणि तोंडाला कुलूप लावावं, असंही त्याच्या मनात आलं. लाज वाटली त्याला स्वतःची. तसाच उठून साहेबांकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी माफीनामा फाडला, दादाची जागा राखली, आणि याच्याकडून मशीनची चावी काढून घेतली. ते ठीकच झालं.

दादा पावणेदोनलाच आला, धापा टाकत. धाकट्याने फाटकातच त्याला गाठलं. मान खाली घालून चिप, चेंडू, बारा मिनिटं, सगळं सांगितलं. दादा एक थप्पड देईल तर बरं, असं त्याला वाटत होतं.

"म्हणजे मी वेळेवर येत होतो?" दादाने विचारलं.

"रोज, दादा."

दादाने बाहीने कपाळावरचा घाम पुसला.

"आई म्हणत होती रे, जरा हळू भरव," तो म्हणाला. "आज तर मी तिचं ताट अर्ध्यावरच उचललं."