समाधानी नव्हती सिग्ने

सिग्ने गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ हाल्वर धाकट्या बहिणीच्या, कारिनच्या, स्वयंपाकघरात येऊन बसला. गावच्या साप्ताहिकात द्यायची निधनवार्ता तो लिहूनच घेऊन आला होता. जन्म, आईवडील, लुथरन चर्च, सगळं जिथल्या तिथे होतं. शेवटी लिहिलं होतं की सिग्ने समाधानी बाई होती आणि अखेरची वर्षं तिने तळ्याकाठी शांतपणे घालवली.

कारिनने वाचलं, पेन उचललं आणि 'समाधानी'वर काट मारली. 'शांतपणे'वर दोनदा मारली.

"त्यात काय वाईट आहे?" हाल्वरने विचारलं.

"शांतपणे? तू भेटला होतास ना तिला?"

सिग्नेचं हसणं तळ्याच्या या काठावरून त्या काठावर ऐकू जायचं, हे हाल्वरलाही माहीत होतं. पण वेंडेल अंत्यविधीला येणार होता, आणि हाल्वरला त्याचीच काळजी होती.

वेंडेल म्हणजे सिग्नेचा आधीचा नवरा. हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, चर्चच्या समितीवर, सगळ्या गावाच्या मते सज्जन माणूस. त्याने बायकोवर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. गाडीच्या किल्ल्या मात्र त्याच्याच खिशात असायच्या. सिग्नेला गाडी शिकायची होती, त्याच्या मते गरज नव्हती. जेवताना ती मोठ्याने हसली की तो चमच्याने ताटाच्या कडेवर हळूच टकटक करायचा आणि ती गप्प व्हायची. असा अर्धाअधिक जन्म गेला. साठी उलटली तेव्हा एका रविवारी चर्च सुटल्यावर ती त्याच्या गाडीत बसलीच नाही. चांगले बूट घालून, बर्फातून चालत ती कारिनच्या दारात आली आणि म्हणाली, "मी परत जाणार नाहीये. कॉफी आहे का?"

घटस्फोट सहज मिळाला नाही. पाद्री समजवायला आले. वाणसामानाच्या दुकानात बायका तिला बघून दुसऱ्या रांगेत वळायच्या. खुद्द हाल्वरने वर्षभर तिच्याशी बोलणं टाकलं होतं. सिग्ने मागे हटली नाही. कोर्टाचा निकाल हातात पडला त्या दुपारी तळ्याच्या धक्क्यावर उभी राहून तिने अशी आरोळी ठोकली, की मासेमारीचे गळ विकणाऱ्या दुकानातला माणूस कोणी बुडालं असं समजून दोर घेऊन धावत आला. पुढे त्याच दुकानावरची खोली तिने भाड्याने घेतली, गाडी शिकली, जुना पिकअप ट्रक घेतला. जानेवारीत तळं गोठलं की ती पिकअप थेट बर्फावर घालायची, भोक पाडून मासे धरायची आणि एखादा मोठा गळाला लागला की अख्ख्या तळ्याला कळायचं.

कारिनने इंग्रजी शिकवण्यात सगळी नोकरी घालवली होती. शब्द निवडताना ती भाजी निवडल्यासारखी एकेक उचलून बघायची. हाल्वरच्या कागदावर, खोडलेल्या जागी, तिने लिहिलं : जुबिलंट.

जेवणाच्या टेबलावर कोणी चिखलाचे बूट ठेवावेत तसं हाल्वरने त्या शब्दाकडे पाहिलं. "हा फुटबॉलच्या बातमीतला शब्द आहे, कारिन. माणूस मेल्यावर वापरतात का कोणी? हॅपी लिही हवं तर. हॅपी चालेल."

"चालेल कोणाला?"

त्यावर तो कोट घालून निघून गेला.

साप्ताहिकाचा संपादक कर्टिस रूड हा कारिनचाच जुना विद्यार्थी. ती कागद घेऊन त्याच्या कचेरीत गेली तेव्हा त्याने तिला खुर्ची दिली, सिग्नेबद्दल दोन शब्द बोलला, मजकूर वाचला आणि मग अवघडून कागदाच्या कडा सरळ करत राहिला. वेंडेलची जाहिरात दर आठवड्याला त्याच्या शेवटच्या पानावर असायची, म्हणून कारिनला वाटलं, आता हा तेच काढणार. पण त्याने दुसरंच काढलं.

"बाई, शब्द चुकलाय."

"माझा?"

"अकरावीत मी आजोबांवर निबंध लिहिला होता. ते जुबिलंट गृहस्थ होते असं लिहिलं होतं. तुम्ही लाल शाईने विचारलं होतंत, कशाबद्दल? कोणाला हरवलं त्यांनी?"

कारिनला तो निबंध आठवला नाही, पण शेरा आपलाच, हे तिने ओळखलं. दरवर्षी वर्गाला ती हेच सांगायची. माणूस कारणाशिवायही हॅपी असू शकतो. पोट भरलं, आणखी काही नको वाटलं, की तो समाधानी. जुबिलंटचं तसं नाही. मुळात तो शब्द लॅटिनमधल्या आरोळीचा. काहीतरी जिंकलेलं असावं लागतं आणि जिंकल्याचा जल्लोष करावा लागतो. झोपलेलं मांजर जुबिलंट नसतं, असं ती म्हणायची आणि मुलं हसायची.

आणि कर्टिसचं बरोबर होतं. वेंडेलचं नाव नको, घटस्फोटाचा उल्लेख नको, ही हाल्वरची न सांगितलेली अट तिने निमूट पाळली होती. त्यामुळे त्या मजकुरात सिग्नेने काहीच जिंकलेलं नव्हतं. चांगल्या घरात जन्मलेली, चर्चला जाणारी, मासे धरणारी एक बाई, आणि शेवटी अधांतरी लटकलेला एक मोठा शब्द. एखाद्या मुलाने असं लिहिलं असतं तर तिने गुण कापले असते.

हॅपी लिहून उठता आलं असतं. घरात शांतता राहिली असती. पण तिने हात पुढे केला.

"पेन दे."

तिने लिहिलं, की साठी उलटल्यावर सिग्नेने नवऱ्याचं घर सोडलं, गाव विरोधात असताना कोर्टात आपलं स्वातंत्र्य जिंकलं, आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत ती जुबिलंट होती.

कर्टिसने दोनदा वाचलं. "एकदा जिंकल्याचा जल्लोष इतकी वर्षं टिकतो का, बाई? मी व्याकरणाचंच विचारतोय."

"एकदा नाही. रोज सकाळी ती स्वतःच्या किल्लीने स्वतःची गाडी सुरू करायची. रोज जिंकायची."

"मग बरोबर आहे," कर्टिस म्हणाला, आणि एक अक्षरही न कापता त्याने मजकूर छापायला घेतला.

अंक बुधवारी आला. शनिवारी अंत्यविधीनंतर सगळे चर्चच्या तळघरात जेवायला जमले. हॅमचे सँडविच, बटाटे घालून भट्टीत भाजलेलं हॉटडिश, कॉफीचं मोठं भांडं. अंक प्रत्येकाने वाचला होता आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. हवा, रस्ते, यंदाचा मका, सगळ्यावर बोलून झालं. हाल्वर लांबच्या टेबलाशी कारिनकडे पाठ करून बसला होता.

वेंडेल कप हातात घेऊन तिच्यासमोर आला. आसपासचं बोलणं बारीक झालं.

"कारिन, तू शब्दांची जाणकार," तो नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला. "पण जिंकायला भांडण लागतं. आमच्या घरात एकदाही भांडण झालं नाही. कोणालाही विचार."

कारिनने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"खरंय तुझं," ती म्हणाली. "तू कधी भांडला नाहीस, वेंडेल. तू नुसता जिंकत होतास. शेवटी एकदा ती जिंकली. तेवढंच मी लिहिलंय, आणि पुन्हा लिहायची वेळ आली तर तेच लिहीन."

वेंडेल क्षणभर तिथेच थांबला, कोणी आपली बाजू घेईल म्हणून. समितीतले लोक आपापल्या ताटात बघत राहिले. त्याने कप तिथेच ठेवला आणि जिना चढून गेला.

हाल्वर पुढे बरेच महिने कारिनशी बोलला नाही. थडग्यावर त्याने फक्त नाव आणि सनावळी कोरून घेतली, आणि दगडावरच्या मजकुरासाठी कारिन भांडली नाही. वेंडेलने जाहिरात बंद केली, कर्टिसने त्याबद्दल तिला कधी ऐकवलं नाही. कारिन दर रविवारी चर्चला जात राहिली, वेंडेलच्या पुढच्याच बाकावर ताठ बसून.

थंडी सुरू झाली तेव्हा एका दुपारी हाल्वरची बायको आर्डिस एकटीच आली. हातात घरी भाजलेला आंबटगोड रुबार्ब-पाय होता, ॲपल पायसारखा. मी इथे आलेय हे हाल्वरला माहीत नाही, असं तिने दारातच सांगून टाकलं. बराच वेळ ती नातवंडांबद्दल बोलत राहिली. मग काटा खाली ठेवून म्हणाली, "माझ्यावर लिहायची वेळ आली ना, तर तूच लिही. आणि समाधानी लिहू नकोस."

"मग काय लिहू?"

"अजून ठरलं नाही," आर्डिस म्हणाली, आणि तिने त्या रुबार्ब-पायचा दुसरा तुकडा स्वतःच कापून घेतला.