तपासणीचे पडदे

रुग्णालयात तिला सगळे कपडेमावशी म्हणत. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिच्या ताब्यात. बावीस वर्षांत एक अभ्रा इकडचा तिकडे झाला नव्हता. "मावशी, एक दिवस तुम्ही पेशंटचीपण घडी घालून कपाटात ठेवाल," असं नर्सा तिला चिडवत आणि मावशी मनातून खूश होई.

तिच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर बारा हिरवे पडदे होते. प्रसूतीच्या खोलीतल्या टेबलांना आणि शेजारच्या वॉर्डातल्या खाटांना लावायचे. वर्षातून एकदोनदा वरून रुग्णालयाची तपासणी असली की ते सकाळी लागत आणि दुपारी उतरत. एरवी लावले तर डाग पडतात, धुवायची कटकट होते, असं मोठ्या सिस्टरांचं म्हणणं. मावशीलाही ते पटलेलं होतं. टेबलावर उघड्यावाघड्या पडलेल्या बायांना कसं वाटत असेल, हा विचार तिच्या मनात कधी आलाच नव्हता असं नाही. पण आला तसा गेला.

लेकीचं बाळंतपण इथेच करायचं, हे मावशीनेच ठरवलं. "माझं रुग्णालय आहे. तुला कोण काय बोलतंय ते बघतेच मी!" लेक कापडाच्या दुकानात कामाला होती, दिवसभर ठाणं उलगडायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची. घडीच्या बाबतीत आईच्याही वरचढ. दोघी मायलेकी घरात एक रुमाल वाळला तरी त्याच्या घडीवरून भांडत.

सकाळी नऊला कळा वाढल्या आणि लेकीला आत नेलं. दार लागलं. नातेवाइकांना आत यायला मनाई होती आणि त्या क्षणी मावशी नातेवाईक झाली. जावई बाकावर बसला. मावशीने मात्र चादरींचा गठ्ठा उचलला आणि कामाच्या निमित्ताने आत शिरली.

लेक मधल्या टेबलावर होती. डगला कमरेच्या वर, पाय आधारांना बांधलेले. समोर शिडीवर चढून वायरमन ट्यूब बदलत होता. तीन शिकाऊ डॉक्टर एकामागून एक तिला तपासत होते. काय करतोय, कशासाठी करतोय, हे कुणी तिला सांगत नव्हतं आणि करू का, असंही कुणी विचारत नव्हतं. तिचं नावही कुणी घेत नव्हतं. "दोन नंबर, पाय सैल सोड," एवढंच.

लेक कळवळून ओरडली तशी एका नर्सने तिच्या मांडीवर चापट मारली. "आता कशाला ओरडतेस? तेव्हा नाही लाज वाटली?"

हे वाक्य मावशीने भिंतीआडून शेकडो वेळा ऐकलं होतं. एकदोनदा हसलीही होती. आज ती लेकीच्या टेबलाकडे सरकली.

"आई," लेकीने तिला पाहिलं. "पडदा लाव ना गं. तो माणूस बघतोय."

"आणते हं. आत्ता आणते."

मावशी जवळजवळ धावत गेली. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा एक पडदा तिने ओढला. परत येताना दारातच मोठ्या सिस्टर भेटल्या.

"मावशी, परवा तपासणी आहे."

"एकच नेते, सिस्टर. माझी लेक आहे हो आत."

"इथे सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या लेकीच आहेत. एकीला लावला की बाकीच्या मागतील. मग काय सगळ्यांना लावत बसायचं?"

सगळ्यांना लावायचं, हेच खरं उत्तर होतं. पण बावीस वर्षं मान डोलावलेल्या बाईच्या तोंडून ते निघेना. निवृत्तीला दोन वर्षं होती. मावशीच्या हातांनी आपोआप पडद्याची घडी घातली, जुन्या रेघेवर बरोबर रेघ. मग ती चादरी घेऊन पुन्हा आत गेली आणि लेकीच्या कानाशी वाकली.

"पडदे धुवायला गेलेत गं, बाळा."

लेकीने डोळे मिटून घेतले. त्यानंतर तिने तोंडातून आवाज काढला नाही. "बघा, आता कशी शहाण्यासारखी वागतेय," असं नर्स म्हणाली.

बाराच्या सुमारास मुलगी झाली. मूल ठणठणीत होतं. पण वॉर्डातल्या खाटेवर आणल्यावरही लेकीचं रक्त थांबलं नाही. आपण रक्ताने भिजतोय, हे तिला कळत होतं. हाक मारली तर पुन्हा चादर वर होईल, पुन्हा चौघं येऊन बघतील, पुन्हा चार शब्द ऐकावे लागतील, म्हणून ती गुडघे जवळ घेऊन पडून राहिली. खाली ठिबकलेलं रक्त कुणाच्या तरी चपलेला लागलं, तेव्हा धावपळ झाली. चार बाटल्या रक्त चढवलं. ती वाचली, एवढंच.

तिसऱ्या दिवशी तपासणी. मावशीने सकाळपासून पडदे लावले. शेवटचा लेकीच्या खाटेला आला. लेकीचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. तिने हात लांब करून पडद्याचं टोक धरलं आणि बोट हळूहळू घडीच्या रेघेवरून फिरवलं.

"आई, हा धुऊन आलेला नाही."

मावशी कडी बसवत राहिली.

"महिनोन्‌महिने दाबून ठेवलेल्या कापडाची घडी आहे ही. परवा कपाटातच होता ना?"

तेवढ्यात तपासणीच्या डॉक्टरबाई आल्याच. बोलायला गोड होत्या, बाळाच्या गालाला हात लावला. "काय गं, सगळे नीट वागले ना? काही त्रास?"

त्यांच्या मागे मोठ्या सिस्टर हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या. लेकीने आईकडे पाहिलं. सांग, असं मावशीला ओरडून म्हणावंसं वाटलं. आणि सांगू नकोस, असंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

"काही नाही," लेक म्हणाली. "माझी आई इथेच कामाला आहे."

"अरे वा! मग काय, घरचंच!" बाईंनी कागदावर खूण केली आणि त्या दाराकडे निघाल्या.

"बाई!" मावशीने हाक मारली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. सगळे वळले. सिस्टरही वळल्या.

"काय मावशी?"

मावशीचे ओठ हलले. लेक उशीवरून मान उचलून बघत होती.

"तिथे पायरी आहे. जपून."

लेकीने मान खाली टेकली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुपारी मावशीने पडदे उतरवले. प्रसूतीच्या खोलीतून कोणी एक बाई आर्जवं करत होती, "अहो, त्या माणसांना बाहेर काढा ना कुणीतरी." मावशी खांद्यावर पडदे घेऊन त्या बंद दारापाशी बराच वेळ उभी राहिली.

"झाले का बाराही पडदे?" सिस्टरांनी विचारलं.

"झाले," मावशी म्हणाली.

मावशीला दोष देणं सोपं आहे, आणि ती स्वतःही आयुष्यभर देत राहील. पण जिच्या हातात कपाटाची किल्ली होती तिला पडदा लावता आला नाही, आणि जिने सोसलं तिला बोलता आलं नाही. मग बोलायचं कुणी? वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा तपासणीला जात असेल, तर त्यांना एकच विनंती आहे. न कळवता जा. आणि पडदे लावलेले दिसलेच, तर हात लावून त्यांच्या घड्या बघा.